बसऱ्याचा मणी

मुलांनो, तुम्ही दोघे जगाच्या दोन टोकांना, एक लंडनला आणि एक टोरांटोला, म्हणून हे एकदाच लिहून दोघांना पाठवते आहे. गेल्या आठवड्यात लंडनहून एक फोटो आला. संग्रहालयातले काचेचे कपाट, आत बोटाच्या पेराएवढी काही दगडी नळकांडी, शेजारी मातीवर उमटवलेला त्यांचा ठसा, आणि खाली पांढरे कार्ड: पहिल्या महायुद्धात एका लष्करी अधिकाऱ्याने मेसोपोटेमियातून आणले, पुढे कुटुंबाने भेट दिले. फोटोखाली तू विचारलेस, "आजी, बाबा सांगतात तो आपल्या घरातला मणी असाच होता का? आणि आपणही तो चोरूनच आणला होता का?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर हो. दुसऱ्याचे उत्तर मला येत नाही, आणि येत नाही म्हणून मी त्या दिवसापासून घरात एका जागी बसलेली नाही. पुस्तक उघडते, मिटते, उठून शोकेसपर्यंत जाऊन येते. त्यातच पुढच्या महिन्यात घराला रंग काढायचा आहे. शोकेस हलवावी लागेल, आणि सामान हलवताना काय काय होते ते मला ठाऊक आहे. तुमच्या बाबांना यातले अर्धेच माहीत आहे, कारण तेव्हा ते बेळगावला कॉलेजात होते. तेव्हा उरलेले अर्धे आता, माझ्या हाताला अजून लिहिता येते आहे तोवर.

तो मणी आणणारा माणूस म्हणजे तुमच्या आजोबांचे आजोबा. आपण त्यांना शिपाई आजोबा म्हणू. मी लग्न होऊन गोव्यात, पेडण्याला आले तेव्हा ते केव्हाच गेलेले होते, पण घरात त्यांच्याबद्दल बोलणे होत असे ते जणू माणूस पडवीत बसलेला आहे. त्यांच्या काळी पेडणे पोर्तुगिजांचे, आणि नदीपलीकडे सावंतवाडी इंग्रजांच्या अमलाखाली. तरुणपणी ते नदी ओलांडून वाडीच्या बाजूला गेले आणि पलटणीत भरती झाले. भरतीच्या वेळी त्यांनी आपले गाव सांगितले नाही, मामाचे सांगितले. पोर्तुगीज मुलखातला माणूस घेतील की नाही अशी त्यांना धास्ती होती. मग बोटीने मेसोपोटेमियात, बसऱ्याला. आपल्याकडे त्या लढाईला बसऱ्याची लढाईच म्हणतात. तिथे खंदक खणताना फावड्याला काहीतरी लागले. ते त्यांनी उचलले, पुसले आणि पटक्याच्या टोकाला गाठ मारून ठेवले.

परत आल्यावर गावाने त्यांचे कौतुक केले असेल असे तुम्हाला वाटेल. गावाने त्यांना "बसरेकर" असे नाव ठेवले आणि हसले. पेडण्यातल्या कुठल्याही दप्तरात त्यांच्या लढाईची नोंद नव्हती. जी काही होती ती मामाच्या गावी, पलीकडच्या राज्यात. पलटणीतला बिल्ला त्यांनी पोर्तुगीज पोलिसांच्या भीतीने विहिरीत टाकला. मुंबईला गोदीत हमाली करून आला आणि लढाईच्या गप्पा मारतो, असे लोक तोंडावर म्हणायचे. तुमचे आजोबा लहानपणी शाळेत मारामारी करून आले ती यावरूनच. कोणीतरी म्हणाले होते, "तुझो आजो बसऱ्याक नाय, बसस्टँडार गेल्लो." तेव्हा पेडण्यात बसस्टँड होता का, मला शंका आहे. पण हे आजोबा सांगायचे तेव्हा साठीतसुद्धा त्यांचे कान लाल व्हायचे.

मणी मात्र खरा होता. काळसर हिरवा दगड, आरपार भोक, अंगावर बारीक खाचा. शिपाई आजोबांची पहिली दोन मुले जगली नव्हती. तिसऱ्या खेपेला त्यांच्या बायकोने तो मणी काळ्या दोऱ्यात ओवून कमरेला बांधला. तो मुलगा जगला. तो म्हणजे माझे सासरे. त्यानंतर मणी घराचा राहिला नाही, गावातल्या पोटुशा बायकांचा झाला.

त्याचे नियम तुमच्या पणजीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, तोंडपाठ होते. मणी हातातून हातात द्यायचा नाही. सुपात मूठभर तांदूळ, त्यावर मणी, आणि घेणारीने तो तांदळासकट उचलायचा. बाळंतीण मोकळी झाली की दोरा जाळायचा, मणी दुधाने धुवायचा. बारशानंतर नारळासह परत करायचा, नाहीतर तोवर दुसरी कोणी अडलेली असेल तर तिला थेट द्यायचा. तो रिकामा घरात राहता कामा नये. अपवाद एकच, चवथीचा. गणपतीच्या दिवसांत मणी कोणाच्या कमरेला नसेल तर घरी यायचा.

मला हे सगळे सोसत नसे. मी सावंतवाडीच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, माझ्या फडताळात प्रत्येक डब्याला चिठ्ठी. आणि इथे घरातली सर्वांत जुनी वस्तू कुठे आहे हे घरातल्या कोणालाच नक्की सांगता येत नसे.

"आई, मणी आता कुठं आहे?" मी विचारायची.

"आसा," सासूबाई म्हणायच्या.

"कुठं?"

"कामाक गेलो आसा."

गोवा घटक राज्य होण्याच्या आदल्या वर्षाची चवथ. आपल्याकडे गणपती घरीच करतात, तुम्ही पाहिलेला आहे. आजोबांचे धाकटे भाऊ, तुमचे धाकटे आजोबा, शेताच्या कडेची चिकणमाती आणून पडवीत मूर्ती करायचे. मूर्ती झाली की शेवटी ते मणी घेत आणि गणपतीच्या बैठकीभोवतीच्या ओल्या मातीवर लाटण्यासारखा फिरवत. फिरेल तसतशी एक पट्टी उमटत जाई: बसलेला एक माणूस, त्याच्या डोक्यावर शिंगे, समोर दुसरा माणूस कोकरू घेऊन उभा, वर एक चांदणी, आणि बाजूला पाखरांच्या पायांसारख्या रेघा. मग पुन्हा तोच माणूस, तेच कोकरू. शिंगेवाला म्हणजे आपला राखणो, गावाच्या वेशीवरचा राखणदार, असे आम्ही सगळेच समजत होतो. कोकरू म्हणजे त्याचा मान. याबद्दल घरात कोणाला कधी शंका आली नाही, मलाही नाही.

त्या वर्षी पुण्याचे एक प्राध्यापक पेडण्यातल्या देवळांच्या आवारातले जुने दगड बघत फिरत होते. आजोबा हायस्कुलात मराठी शिकवायचे, त्यांची ओळख झाली आणि ते जेवायला आले. खतखते, पातोळ्या, सगळे झाले. पान खाऊन ते गणपतीला नमस्कार करायला वाकले आणि तसेच वाकलेले राहिले. आम्हाला वाटले कंबर धरली.

"ही नक्षी कशानं काढलीत?" त्यांनी विचारले.

धाकट्या आजोबांनी करंडीतून मणी काढून दाखवला. प्राध्यापकांनी तो हातावर घेतला, जनेलाशी, खिडकीच्या उजेडात नेला, चष्मा वर केला, आणि मग चक्क खाली बसले.

"ही मोहोर आहे," ते म्हणाले. "तिकडं मेसोपोटेमियात कागद नव्हता. माणूस ओल्या मातीवर ही फिरवायचा, ती त्याची सही. या रेघा म्हणजे अक्षरं. त्यात त्याचं नाव असणार."

"आणि हो राखणो?" सासूबाईंनी विचारले.

"हा त्यांचा देव, आजी. हजारो वर्षांपूर्वीचा."

"मगे बरां जालां," सासूबाई म्हणाल्या. "देव देवाच्या पायांकडेच बसलो."

प्राध्यापकांना ठसा हवा होता. बैठकीची माती काढून देता येईना, मूर्तीत प्राण घातलेले होते. तेव्हा धाकट्या आजोबांनी उरलेल्या गोळ्यातून दोन पट्ट्या थापल्या आणि त्यांवर मणी फिरवला. एक प्राध्यापकांनी रुमालात गुंडाळून नेली. दुसरी जनेलाच्या कट्ट्यावर वाळत राहिली.

त्या संध्याकाळी आजोबा जेवले नाहीत. पडवीत येरझाऱ्या घालत होते. मी विचारले तेव्हा म्हणाले, "कुठल्या तरी माणसानं दगडावर नाव कोरलं, ते एवढी वर्षं टिकलं. माझ्या आजोबाचं त्याच्या स्वतःच्या गावात टिकलं नाही."

मणी पणजी शहरातल्या संग्रहालयाला द्यायचा, आणि कार्डावर शिपाई आजोबांचे नाव, गाव पेडणे, असे लिहून घ्यायचे, हे त्यांनी तिथेच ठरवले. प्राध्यापकांनी मध्ये पडून बोलणे केले. इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याकडे आला. संग्रहालयाचे साहेब नव्या वर्षात अमुक दिवशी घरी येऊन वस्तू ताब्यात घेतील असे ठरले. आजोबा रोज कार्डाचा मजकूर लिहायचे आणि खोडायचे. "बसऱ्याच्या लढाईत भाग घेतलेले" की "लढलेले"? लढलेले म्हणावे तर कोणी विचारील, पुरावा काय. पुरावा एकच होता, तो मणी.

तो मागायला आजोबा आईकडे गेले आणि कळले की मणी घरात नाही. विसर्जन झाले त्याच आठवड्यात सासूबाईंनी तो सुपात घालून दिला होता.

"आई, कोणाक दिलंस?"

"जिका व्हयो होतो तिका."

"तुका ठावक आसलां ना, म्युझियमाक दिवचो म्हणान?"

"म्युझियमाचे दिवस भरले हत काय?"

मी हसू दाबले, ते आजोबांना दिसले, आणि ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

शेजारच्या घरातली सून मणी घेऊन डिचोलीला माहेरी गेली होती, एवढे कळले. तो काळ साधा नव्हता. राजभाषेचा वाद पेटलेला. कोंकणी की मराठी, यावरून एका पंगतीला बसणारी माणसे एकमेकांकडे पाठ करून बसत. आजोबा मराठीच्या बाजूचे. त्यांचा सख्खा मित्र दुसऱ्या बाजूचा, तो आमच्या दारावरून जाताना सायकलची घंटासुद्धा वाजवेनासा झाला होता. भांडण दोघेही करायचे ते त्याच एका बोलीत, जी आपण घरात बोलतो. कधी कुठे रस्त्यावर झाडे पाडली जातील, कुठे दगड येतील, सांगता येत नव्हते. आजोबांना शाळेच्या परीक्षा सोडून निघता येईना. साहेब येण्याचा दिवस जवळ आला, तसे मी म्हटले, मी जाते.

"तुका कोण दितलां?" सासूबाई म्हणाल्या. "मी येतंय."

पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून डिचोली. सासूबाई खिडकीशी, मांडीवर पिशवी, पिशवीत सूप. हो, सूप. नियम म्हणजे नियम. अस्नोड्याला बस थांबली. पुढे रस्त्यात दगड लावलेत, कंडक्टर म्हणाला, कधी उघडेल देव जाणे. लोक उतरून झाडाखाली बसले. मी घड्याळ बघायची, उठायची, चालक दिसतो का बघायची, परत बसायची.

"बस गो. घड्याळाक बघून रस्तो उघडता काय?"

"आई, परवा साहेब येणार."

"येवंदेत. च्या करून घाल."

रस्ता उघडला. मुळगावावरून जाताना दोन्ही बाजूंना खाणीचे ट्रक उभे होते, एकामागे एक, मातीने लाल. डिचोलीच्या बाजारामागचे ते माहेर सापडले. शेजारची सून बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. मुलगा झालेला, गोरा, डोक्यावर जावळ भरपूर. तिच्या आईने आम्हाला चहा दिला, पोदेराच्या भट्टीतले गरम उंडे पाव दिले, जेवून जा म्हणाली. मणी?

"मणी दिला आम्ही," ती म्हणाली. "मुळगावात आमचं पोफळीचं कुळागर आहे ना, तिथं एक बाई कामाला यायची. सावंतवाडीकडची. घरवाला खाणीवर. तिचे दिवस भरत आले होते आणि इथं तिचं कोणीच नाही. म्हटलं, बसऱ्याचा आहे, बांध."

म्हणजे आम्ही येताना त्याच गावावरून आलो होतो. मला रडू यायचेच बाकी होते. सासूबाईंनी मात्र शांतपणे दुसरा उंडा चहात बुडवला आणि विचारले, "बाय बरी आसा मगो ती?"

मुळगावात खाणीच्या कामगारांच्या खोल्यांची रांग रस्त्यापासून आत होती. काजूच्या झाडांशेजारी पत्र्याची छपरे, दारात प्लास्टिकच्या बालद्या, सगळ्यांवर तोच लाल थर. दुपार होती. एका दारासमोर चारपाच बायका उभ्या होत्या आणि आतून आवाज येत होता. आवाज कसला ते सांगायची गरज नव्हती.

सासूबाईंनी विचारले, "कधीधरना?"

"कालधरना," एक बाई म्हणाली. "सुईण म्हणता आडवा आसा. हास्पिटलात न्हेवक व्हया. ट्रकवालो नाय म्हणता. फुडे दगड मारतत म्हणान."

तिची सासू बाहेर आली. सुरकुतलेली, मळवट फिस्कटलेला. आम्ही कोण ते कोणीतरी तिच्या कानात सांगितले असावे, कारण तिने हात जोडले आणि आम्हाला आत घेतले. पोरगी जमिनीवर होती. वीस वर्षांचीसुद्धा नसेल. लुगडे वर सरकलेले, कमरेला काळा दोरा, आणि त्यात तो मणी घामाने चकाकत होता. खाचांत लाल धूळ बसली होती. वेणा मध्येच थांबल्या तेव्हा तिने डोळे उघडले, आमच्याकडे पाहिले, आणि स्वतःच दोऱ्याच्या गाठीला हात घातला.

"तुमचो आसा," ती म्हणाली. "न्हेवा."

तिची सासू म्हणाली, "दी गो, दी. दुसऱ्याची वस्तू कमरेक ठेवन नसता व्हायत."

मी सासूबाईंकडे पाहिले. त्यांनी पिशवीतून सूप काढले, जमिनीवर ठेवले, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "कागद तू लिवलंस. तू सांग."

मी मण्यावर विश्वास ठेवणारी नव्हते, आजही नाही. मला दिसत होते की पोर आडवे आहे आणि त्याला दगड काही करणार नाही, डॉक्टर करील. मला तुमचे आजोबाही दिसत होते, पडवीत, हातात खोडलेले कार्ड. परवा साहेब येणार. ही वेळ गेली की पुन्हा कोण विचारायला येणार? आणि तिची बोटे गाठ सोडवायला धडपडत होती, ती सुटत नव्हती, आणि ती माझी माफी मागत होती. गाठ सुटत नाही म्हणून.

"राहू दे," मी म्हटले. "हात काढ तिथून. राहू दे."

मग मी बाहेर रस्त्यावर गेले. मला वाटते त्या दिवसात मी उपयोगाचे असे एवढेच केले. पूर्वी मी शाळेत शिकवायची तेव्हा तिसऱ्या बाकावरच्या मुलाला लावायची तो आवाज लावला आणि पहिल्या ट्रकसमोर उभी राहिले.

"बाई, बाजूक व्हा. मालक माका मारतलो," ड्रायव्हर ओरडला.

"मालकाला माझ्याकडे पाठव. खाली उतर आणि हात लाव."

"फुडे दगड हत."

"आम्ही पुढे बसतो. मला मारतील दगड."

सासूबाई तोवर मागून आल्या. "मारूंदेत," म्हणाल्या. "मराठीतसून मारतत काय कोंकणीतसून मारतत, बघूया तरी."

ड्रायव्हर हसला, आणि हसला म्हणून उतरला. पोरीला केबिनमध्ये घातले. तिच्या सासूला जागा हवी म्हणून आम्ही शेवटी बसलोच नाही, टपावर चढायचे वय नव्हते. ट्रक डिचोलीकडे गेला. त्या दिवशी पुढे कोणी दगड मारला नाही. आम्ही रिकामे सूप घेऊन कडेला उभ्या राहिलो, धुळीने दोघींचे चेहरे सारखेच झाले होते.

तिला मुलगी झाली, दोघी सुखरूप, असा निरोप डिचोलीच्या माहेराकडून आठवड्याने आला.

त्याच्याआधी साहेब आले. सभ्य माणूस. मी चहा केला. आजोबांनी त्यांना सगळे सांगितले, नदी, मामाचे गाव, खंदक, पटका. ते ऐकत राहिले. मग आजोबांनी जनेलावरची मातीची पट्टी आणून पुढे ठेवली.

"सर, सुंदर ठसा आहे," साहेब म्हणाले. "पण मूळ वस्तू हवी. ठशावरून नोंद करता येत नाही. मणी आला की कळवा, मी स्वतः येईन."

ते गेल्यावर आजोबा मला म्हणाले, "म्हणजे आजोबा पुन्हा खोटे ठरले." आवाज चढवला नाही. मला तो चढवलेला बरा वाटला असता.

बारसे होईल, नारळ येईल, मणी येईल, असे मी धरून चालले. रोज दारावरून कोणी गेले की बघायची. नारळ आला नाही. शेवटी मीच डिचोलीला जाऊन आले. कंत्राटदाराने ती टोळी दुसऱ्या खाणीवर हलवली होती. तिथे गेले तर कळले, वाद चिघळला तेव्हा वाडीकडचे बरेच लोक गावी परतले, त्यांत ते कुटुंबही. कोणते गाव? कोणी कुडाळ म्हणाले, कोणी दोडामार्ग. पोरीने मणी कोणाला तरी दिला असणार, असे एक बाई म्हणाली. रांगेत तेव्हा आणखी दोघी पोटुशा होत्या. त्यांतली एक वाळपईची.

घटक राज्य झाले त्या दिवशी शाळेत झेंडावंदन झाले, पेढे वाटले. आजोबांचा तो मित्र आमच्या फाटकाशी थांबला, घंटा वाजवली, आत मात्र आला नाही. आजोबा घरी येऊन टेबलाशी बसले आणि त्यांनी न खोडता एक कार्ड लिहिले. शोकेसमधल्या चहाच्या चिनीमातीच्या कोपांना बाजूला सारून ती मातीची पट्टी वरच्या फळीवर ठेवली आणि कार्ड तिला टेकवून उभे केले.

"वाच रे," सासूबाई म्हणाल्या. त्यांना वाचता येत नव्हते.

त्यांनी वाचले. शिपाई आजोबांचे पूर्ण नाव. राहणार पेडणे. बसऱ्याच्या लढाईत लढले. ही मोहोर त्यांनी आणली.

"बरां लिवलंस," सासूबाई म्हणाल्या. मग काचेत डोकावून, "पण मोहोर खंय आसा?"

आजोबांनी शोकेसचे दार लावले. मग म्हणाले, "कामाक गेली आसा."

त्या दोघांत त्यानंतर मण्यावरून वाद झाला नाही. धाकट्या आजोबांनी पुढच्या चवथीपासून बैठक साधी ठेवली. बोटाने एक रेघ ओढायचे, बस्स.

आता तुझा प्रश्न. शिपाई आजोबांनी कोणाला विचारून तो मणी घेतला नव्हता. विचारायला तिथे कोणी नव्हते, की त्यांनी पाहिले नाही, मला माहीत नाही. तो त्यांनी विकला नाही. बायकोच्या कमरेला बांधला. त्यामुळे काही बदलते का? मी स्वतःशी दोन्ही बाजूंनी बोलून पाहते आणि दोन्ही बाजू मला गप्प करतात. लंडनच्या कपाटात जो मणी आहे त्याच्याखाली आणणाऱ्याची नोंद आहे, मूळच्या माणसाचे नाव त्या दगडातच आहे. आपल्या मण्याला तसले कार्ड मिळाले नाही, आणि तरी मला तो कपाटात हवा होता असे आज ठामपणे म्हणवत नाही. आजोबा असते तर ते म्हणाले असते. त्यांना तो हवाच होता, शेवटपर्यंत. मृत्यूच्या आदल्या वर्षी वाळपईच्या बाजारात भाजी घेताना त्यांनी एका अनोळखी, दिवस भरलेल्या बाईला विचारले होते, तुमच्याकडं बसऱ्याचा मणी बांधतात का म्हणून. ती बाई घाबरून निघून गेली. मी त्यांना हाताला धरून बसपाशी आणले.

मणी कुठे आहे हे मला माहीत नाही. पट्टी शोकेसच्या वरच्या फळीवर आहे. ती मधोमध तडकून दोन तुकडे झाले आहेत, पण शिंगांचा माणूस, कोकरू आणि रेघा स्पष्ट दिसतात. कार्डाची शाई फिकट झाली आहे, नाव वाचता येते.